डेअरीच्या ईटीपीला यूएएसबी, ईजीएसबी की सीएसटीआर?

तुम्ही लिहिलंय त्यावरून मला समजलं ते असं. रोज ऐंशी हजार लिटरच्या आसपास दूध, बरंचसं पिशवीत जातं, बाकीच्याचं पनीर, दही, तूप. सांडपाणी २५० केएलडी (रोज अडीच लाख लिटर), सीओडी (पाण्यातली घाण किती ऑक्सिजन खाईल त्याचं माप) सरासरी ३२०० मिलिग्रॅम प्रति लिटर. आत्ता नुसतं एरेशन (पाण्यात हवा मारणं) चालू आहे आणि लाइट बिल झेपत नाही म्हणून त्याच्या आधी ॲनारोबिक (हवेशिवाय चालणारा, गॅस देणारा) रिॲक्टर टाकायचं ठरलंय. तीन पार्ट्यांनी तीन कोटेशन दिलीत, एकाचा ८५ क्युबिक मीटरचा यूएएसबी, दुसऱ्याचा ५५ चा उंच ईजीएसबी, तिसऱ्याची ५०० ची सीएसटीआर टाकी (हे तिन्ही ॲनारोबिक रिॲक्टरचेच प्रकार, पुढे एकेक सांगतो), आणि तिघंही म्हणतात की दुसऱ्या दोघांचं चालणार नाही. तुमचा प्रश्न, यातला चांगला रिॲक्टर कुठला.

मी वीसेक वर्षं ईटीपीचंच, म्हणजे कारखान्याचं सांडपाणी शुद्ध करायच्या प्लांटचंच काम करतोय, जास्त करून साखर कारखाने, डिस्टिलऱ्या आणि डेअऱ्या, आणि हा प्रश्न याच शब्दांत बऱ्याचदा येतो. आधी उत्तर सांगून टाकतो म्हणजे पुढचं वाचायला सोपं जाईल. तुमच्या पाण्याला यूएएसबी जमेल, किंवा वरच्या भागात गाळ अडवायला प्लास्टिकचा मीडिया टाकलेला हायब्रिड, पण ८५ क्युबिक मीटरचा नाही, आणि त्याच्या आधी फॅट आणि व्हे (पनीर काढल्यावर उरलेलं पाणी) यांचा बंदोबस्त केल्याशिवाय तर अजिबात नाही. तुम्ही सरासरी सीओडी दिलाय पण ऑइल-ग्रीस किती ते कुठेच नाही, आणि डेअरीत रिॲक्टर कुठला चालेल हे सीओडीपेक्षा फॅटवर जास्त ठरतं. माझं सगळं उत्तर या एका गोष्टीभोवती आहे.

आता मुळापासून. मिथेन तयार करणारे जे सूक्ष्मजीव असतात (शास्त्रात ते आर्किया, आम्ही सरसकट बॅक्टेरियाच म्हणतो) ते फार हळू वाढतात, एरेशन टँकमधले काही तासांत दुप्पट होतात, यांना कित्येक दिवस लागतात. म्हणजे पाणी ज्या वेगाने टाकीतून बाहेर जातं त्याच वेगाने बॅक्टेरियाही बाहेर गेले तर नवीन तयार व्हायच्या आत जुने संपतात, टाकी धुऊन निघते आणि आत नुसतं आंबट पाणी उरतं. म्हणून पाणी लवकर बाहेर पडलं पाहिजे आणि गाळ मात्र आत राहिला पाहिजे, आणि हे जमवायचे जे वेगवेगळे मार्ग लोकांनी काढले तेच हे सगळे रिॲक्टर. कुठलंही ड्रॉइंग समोर आलं की मी पहिल्यांदा हेच बघतो की इथे गाळ कशाने अडवलाय आणि या कारखान्याचं पाणी तो अडथळा कशाने मोडेल.

सीएसटीआरपासून सुरू करू कारण तो लवकर संपतो. त्यात अडवणं असं काही नाहीच, ढवळलेली टाकी, जेवढा वेळ पाणी आत तेवढाच वेळ गाळ आत. त्यामुळे किमान पंधरा-वीस दिवसांचं पाणी मावेल एवढी टाकी लागते. डिस्टिलरीच्या स्पेंटवॉशला (अल्कोहोल काढून उरलेल्या पाण्याला) हे परवडतं, कारण त्याचा सीओडी लाखाच्या आसपास असतो आणि पाणी त्या मानाने कमी, शेणाला आणि भाजी मंडईच्या कचऱ्यालाही परवडतं. तुमच्या २५० केएलडीला पंधरा दिवस धरले तर ३७५० क्युबिक मीटर होतात. त्यांनी दिलीय ५००, म्हणजे दोन दिवस. दोन दिवसांत बॅक्टेरिया टिकत नाहीत, विषय संपला. ते म्हणतील की पुढे सेटलर (गाळ खाली बसवायची टाकी) आहे, गाळ परत फिरवतो, तर त्याला काँटॅक्ट प्रोसेस म्हणतात आणि ती चालते, पण ॲनारोबिक गाळाला गॅसचे बुडबुडे चिकटलेले असतात, तो सेटलरमध्ये खाली बसायच्या ऐवजी वर येतो, म्हणून मध्ये गॅस काढून टाकायची सोय लागते. तुमच्या कोटेशनमध्ये डिगॅसर आहे का बघा. नसेल तर सरळ नको म्हणा. (सीएसटीआर मी पूर्ण बाद करत नाहीये, तुमच्याकडे त्याला एक वेगळं काम आहे, ते पुढे सांगतो.)

यूएएसबी. खालून पाणी सोडायचं, ते गाळाच्या थरातून वर चढतं, वर तीन फेजचा सेपरेटर, म्हणजे गॅस एकीकडे, पाणी एकीकडे, गाळ घसरून परत खाली. सत्तरच्या दशकात नेदरलँड्समध्ये लेटिंगा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा उभा केला, बीट साखरेच्या कारखान्याच्या पाण्यावर, आणि त्यातली खरी मोठी गोष्ट म्हणजे गाळाचे आपोआप दाणे होतात, मोहरीसारखे, एक ते तीन मिलिमीटरचे, घट्ट आणि जड. दाणा जड म्हणून टाकीत टिकतो, म्हणून कमी जागेत जास्त लोड घेता येतो. आतमध्ये मोटर नाही, फिरणारं काही नाही, लाइट गेली तरी काही बिघडत नाही, आणि महिनोन् महिने उपाशी ठेवला तरी गाळ मरत नाही, हळूहळू जागा होतो. साखर कारखान्याला याचा फार उपयोग, गाळप एप्रिलच्या आसपास थांबतं, दिवाळीच्या सुमाराला परत सुरू होतं, आणि आदल्या सीझनचा गाळ आठवडा-दोन आठवड्यांत पुन्हा कामाला लागलेला मी स्वतः पाहिलाय.

मग ८५ ला मी नको का म्हणतोय? रोजचा सीओडी २५० गुणिले ३.२, म्हणजे ८०० किलो. ८५ ने भागला तर एका क्युबिक मीटरला रोज जवळजवळ साडेनऊ किलो. कोल्ड्रिंकच्या पाण्यावर, चांगल्या दाण्यांवर हा लोड जाईल. डेअरीच्या पाण्यावर मी तो धरणार नाही. त्यांनी ८ तासांचा एचआरटी (पाणी टाकीत राहायचा वेळ) धरलाय आणि मला वाटतं तो गावाच्या सांडपाण्याच्या हिशोबातून आलाय. आपल्या देशात यूएएसबी गाजला तो गटाराच्या पाण्यावर, कानपूरला जाजमऊमध्ये १९८९ मध्ये डच मदतीतून ५ एमएलडीचा (रोज ५० लाख लिटरचा) प्लांट लागला, मग यमुना ॲक्शन प्लॅनमध्ये बरेच लागले, त्यामुळे ८-१० तास हा आकडा आपल्याकडे डोक्यात बसलाय. पण ते पाणी पातळ असतं, तिथे टाकीची साइज पाण्याच्या वेगावर ठरते. तुमच्याकडे ती लोडवर ठरते. फॅट आधी काढलं असं धरूनही मी चार किलोपेक्षा वर जाणार नाही, म्हणजे २०० क्युबिक मीटर, साधारण १९ तास. पाच मीटर उंची धरली तर खालचा एरिया ४० चौरस मीटर, आणि पाणी वर चढायचा वेग ताशी पाव मीटर. हा जरा कमी आहे, म्हणून आउटलेटचं तेवढंच पाणी परत फिरवायचं, अर्धा मीटर होतो. त्या फिरवलेल्या पाण्यातली अल्कलिनिटीही (आंबटपणा झेलायची पाण्याची ताकद) फुकट परत मिळते, तो फायदा वेगळा.

ईजीएसबी म्हणजे यूएएसबीचाच उंच आणि बारीक भाऊ. दहा-पंधरा मीटर उंच, वेग ताशी चार ते दहा मीटर, त्यामुळे दाण्यांचा थर पसरतो आणि प्रत्येक दाण्याला पाणी नीट लागतं, लोड पंधरा-वीस किलोपर्यंत आरामात. आयसी (इंटरनल सर्क्युलेशन रिॲक्टर) त्याच्याही पुढचा, आतल्या गॅसनेच पाणी वर उचललं जातं, दोन सेपरेटर एकावर एक. जागा अगदी कमी लागते. मी एका बॉटलिंग प्लांटवर ईजीएसबी चार वर्षं बघितला, सुंदर चालला, कारण त्या पाण्यात नुसती विरघळलेली साखर, घन पदार्थ नाहीत, फॅट नाही. अट एकच असते की दाणे तयार असले पाहिजेत आणि दाणेच राहिले पाहिजेत, त्या वेगात भुसभुशीत गाळ थांबत नाही, आणि पाण्यात दुधाचे प्रोटीनचे गुठळे किंवा फॅट आलं तर ईजीएसबी त्यांना पचवत बसत नाही, ते वरून निघून जातात आणि जाताना दाण्यांनाही घेऊन जातात. तुमच्याकडे जागा नाही असं तुम्ही कुठे म्हटलेलं नाही. जागा असताना डेअरीवाल्याने ईजीएसबी घ्यायचं कारण मला दिसत नाही.

हायब्रिड म्हणजे खाली यूएएसबीसारखा गाळाचा थर आणि वरच्या तिसऱ्या हिश्श्यात प्लास्टिक मीडिया. वर उडालेला गाळ मीडियात अडकतो, त्यावर बॅक्टेरियाचा थरही धरतो. डेअरीला ही चांगली सोय आहे, खास करून तयार दाणे मिळत नसतील आणि भुसभुशीत गाळावर सुरू करायचं असेल तर. मात्र पूर्ण उंचीभर मीडिया भरलेला फिल्टर घेऊ नका, मी असे दोन डेअरी फिल्टर उघडलेत, आत मीडियाच्या जाळीत फॅटचा साबणासारखा पांढरा थर, पाणी एका कोपऱ्यातून वाट काढून वर जात होतं आणि बाकीची टाकी मेलेली. कव्हर्ड लगून, म्हणजे एचडीपीई शीट टाकलेलं आणि झाकलेलं तळं, हा खरं तर फॅटला सगळ्यात सहनशील प्रकार, पण जागा भरपूर लागते, तळाचा गाळ काढणं अवघड आणि शीट फाटलं तर शेजारच्या विहिरी जातात. बॅफल्ड रिॲक्टर (आत पडदे घालून कप्पे केलेली टाकी) वीसेक केएलडीच्या छोट्या डेअरीला छान, तुमच्या साइजला नको.

आता फॅट. इथे जरा थांबून वाचा, कारण डेअरीतले जे बंद पडलेले रिॲक्टर मी बघितलेत त्यातले बहुतेक इथेच गेले.

फॅट तुटलं की लांब साखळीची फॅटी ॲसिड्स होतात आणि ती दाण्याच्या अंगाला चिकटून बसतात. एक म्हणजे आत अन्न जात नाही आणि गॅस बाहेर येत नाही, दुसरं म्हणजे दाणा हलका होतो आणि तरंगतो. यूएएसबीचा सगळा खेळ गाळ जड असण्यावर, आणि फॅट नेमकं तेच काढून घेतं. सांगलीकडच्या एका डेअरीचं सांगतो. यूएएसबी दीड वर्ष उत्तम चाललेला, मग दिवाळीच्या तोंडावर तुपाचं काम दुप्पट झालं, कढईतली बेरी आणि धुण्याचं गरम पाणी सरळ गटारात. त्यांच्याकडे ऑइल ट्रॅप होता, रोज साफ व्हायचा, त्यावर काही फॅट दिसत नव्हतं म्हणून सगळे निश्चिंत होते. पण पाणी गरम असल्यामुळे फॅट पातळ होऊन ट्रॅपमधून तसंच पुढे जात होतं आणि थंड झाल्यावर रिॲक्टरमध्ये गोठत होतं. तीन आठवड्यांत गॅस निम्म्यावर, आउटलेटला करडं पाणी आणि त्यात पांढुरके दाणे. आम्ही फीड पूर्ण बंद केलं आणि सहा दिवस नुसतं रिसर्क्युलेशन चालवलं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून गॅस वाढायला लागला, आत काही टाकत नसताना, कारण गाळाला चिकटलेलं फॅटच पचत होतं. मग पाव लोडवर सुरू केलं आणि महिन्याभरात परत पूर्ण लोडवर आणलं. रिॲक्टर वाचला, पण तेव्हापासून मी डेअरीत साध्या ट्रॅपवर विश्वास ठेवत नाही.

तर तुमच्याकडे तूप आहे, म्हणजे डीएएफ लागणार. बारीक हवेचे बुडबुडे सोडून फॅट वर उचलायचं आणि खरवडून काढायचं. डीएएफच्या आधी पाणी थंड होऊ द्या, चाळीसच्या खाली तरी, इक्वलायझेशन टँकमध्ये (दिवसभराचं पाणी साठवून सारखं करायच्या टाकीत) ते आपोआप होतं. रिॲक्टरच्या तोंडाशी ऑइल-ग्रीस १०० मिलिग्रॅमच्या खाली ठेवायचं हा माझा नियम. आणि बेरी गटारात जाताच कामा नये, ती घमेल्यात काढा, तिला गिऱ्हाईक मिळतं.

व्हेचं पण असंच. पनीरच्या पाण्याचा सीओडी ५०-६० हजाराच्या घरात असतो, म्हणजे ५ हजार लिटर व्हे गटारात सोडला तर २५० ते ३०० किलो सीओडी, तुमच्या दिवसाच्या एकूण ८०० मधला तिसरा हिस्सा एका हौदातून. शिवाय त्यातली लॅक्टोज काही तासांत आंबते, पीएच साडेचारवर येतो आणि अल्कलिनिटी जवळजवळ नसते. तुम्ही सरासरी ३२०० म्हणता, पण मला खात्री आहे की पनीरच्या शिफ्टला तो आठ-दहा हजार आणि रात्री सातशे-आठशे असणार. बॅक्टेरियाला सरासरी कळत नाही, त्या तासाला आलेलं कळतं. व्हे आधी विकायचा प्रयत्न करा, जनावरांना पाजायला शेतकरी नेतात, व्हे पावडरवाले जवळ असतील तर उत्तमच. दुधाचंही तेच, दुधाचा स्वतःचा सीओडी लाखांत असतो, लिटरला सुमारे २०० ग्रॅम, म्हणजे पिशव्या फुटून शंभर लिटर दूध गटारात गेलं की २० किलो सीओडी. पॅकिंग मशिनखाली एक स्टीलचा ट्रे लावणं हे जगातल्या कुठल्याही रिॲक्टरपेक्षा स्वस्त. आणि ऐंशी हजार लिटर दुधाला २५० केएलडी म्हणजे लिटरमागे तीन लिटरच्याही थोडं वर, नळीला नुसती दाबायची गन बसवली तरी फरक पडेल.

विकून उरलेला व्हे आणि डीएएफची साय, यांच्यासाठी मी मघाशी म्हटलेला सीएसटीआर. छोटा, वेगळा, वीस-पंचवीस दिवसांचा, रोज ८ क्युबिक मीटर जात असेल तर २०० ची टाकी. त्यात शेण मिसळा, दूध घालायला येणाऱ्यांकडेच मिळेल, शेणाने अल्कलिनिटी मिळते आणि व्हे आंबून टाकी बसत नाही. फॅटमध्ये गॅस सगळ्यात जास्त असतो, ते यूएएसबीत शत्रू आणि ढवळलेल्या, जास्त दिवसांच्या टाकीत चांगलं खाद्य. ढवळणं मात्र नीट हवं नाहीतर वर फूटभर साय जमते. पहिल्या वर्षी हे नाही केलं तरी चालेल, पण जागा राखून ठेवा.

सीआयपीचं, म्हणजे मशिनं आणि पाइप न उघडता आतून केमिकलने धुण्याचं, थोडक्यात. दीड-दोन टक्के कॉस्टिक आणि नायट्रिक एकदम सुटलं तर पीएच बाराला जातो, मग दोनला येतो, म्हणून इक्वलायझेशन किमान १२ तासांचं आणि ढवळलेलं. कॉस्टिकचं पहिलं धुणं एका टाकीत साठवून थेंबथेंब सोडा, आंबट पाणी न्यूट्रल करायला तेच कामाला येतं, सोडा विकत घ्यावा लागत नाही. फ्लोअर धुवायचं सॅनिटायझर कुठलं वापरता ते कॅनवर वाचा, क्वाटर्नरी अमोनियम असेल तर त्याचा एक मोठा डोस अख्खा रिॲक्टर झोपवू शकतो. हे प्रॉडक्शनवाल्यांना सांगायला लागतं, ते आपणहून ईटीपीला विचारत नाहीत.

इथपर्यंतचं एकत्र सांगायचं तर क्रम असा: बेरी, व्हे आणि सांडलेलं दूध जागेवरच वेगळं, मग इक्वलायझेशन, मग डीएएफ, मग २०० चा यूएएसबी किंवा हायब्रिड, मग तुमचं आत्ताचं एरेशन. एरेशन काढून टाकायचं नाही, ॲनारोबिक एकट्याने डिस्चार्जच्या लिमिटमध्ये पाणी कधीच देत नाही, कुणी देतो म्हणाला तर त्याला दारातूनच परत पाठवा.

तुम्हाला मिळणार काय ते पण बघू. ८०० पैकी तीन चतुर्थांश सीओडी गेला तर रोज ६०० किलो. एक किलो सीओडीमागे जास्तीत जास्त ०.३५ क्युबिक मीटर मिथेन (शून्य अंश तापमानाला मोजलेला), म्हणजे २१०, त्यातला थोडा गाळ वाढण्यात आणि थोडा पाण्यात विरघळून जातो, हातात १८० धरा. सत्तर टक्के मिथेन असलेला बायोगॅस साधारण २५० क्युबिक मीटर, आणि बायोगॅसच्या एका क्युबिक मीटरला ढोबळ अर्धा किलो एलपीजी धरलं तर रोजचा सव्वाशे किलो एलपीजीइतका जळण. बॉयलरला लावा, जनरेटरच्या नादाला या साइजला लागू नका. एरेशनला एक किलो सीओडी काढायला ढोबळमानाने एक युनिट लागतं असं धरलं तर दिवसाची पाचशे-सहाशे युनिट वाचतील, आणि तुम्हाला मुळात तेच हवं होतं. गाळही कमी होतो, एरेशनमध्ये किलोमागे तीन-चारशे ग्रॅम सुका गाळ पडतो, इथे शंभरच्या आत. व्हे विकला तर गॅस कमी होईल हेही लक्षात घ्या, पण त्याबद्दल वाईट वाटून घेऊ नका.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर आहेत, त्या मी इथून ठरवू शकत नाही. तुम्ही नगर-नाशिकच्या बाजूला असाल तर डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा दहा-बाराला येतो, मिथेनवाल्यांना पस्तीसच्या आसपास आवडतं आणि वीस-बावीसच्या खाली ते फारच सुस्तावतात, मग टाकीला इन्सुलेशन आणि थोडं कंडेन्सेट (बॉयलरच्या वाफेचं परत येणारं गरम पाणी) लागेल. कोकणात असाल तर हा खर्च नाही. दुसरं, तुमच्याकडे रोज टेस्ट करणारा माणूस आहे का. पीएच एकटा बघून उपयोग नाही, पीएच पडतो तेव्हा उशीर झालेला असतो. व्हीएफए (मिथेन व्हायच्या आधी तयार होणारी हलकी आम्लं) आणि अल्कलिनिटी दोन्ही टायट्रेशनने निघतात, अर्ध्या तासाचं काम, त्यांचा रेशो ०.३ च्या खाली असला की निवांत झोपा, ०.४ कडे गेला की फीड कमी करा, कुणालाही न विचारता. ऑपरेटरला एवढा अधिकार द्या. रात्री दोनला रेशो चढला आणि तो मॅनेजरच्या फोनची वाट बघत बसला तर सकाळी तुमच्याकडे आंबट टाकी असते.

स्टार्टअपला घाई करू नका. शेण टाकून सुरू करता येतं पण त्यात काडीकचरा आणि वाळू फार, दाणे व्हायला सहा महिने कुठेच गेले नाहीत. चालू यूएएसबीतून टँकरने गाळ आणा, टाकीच्या तिसऱ्या हिश्श्याइतका तरी, महाग वाटेल पण सगळ्या प्रोजेक्टमधला सगळ्यात चांगला लागलेला पैसा तोच. ठरलेल्या लोडच्या दहा-वीस टक्क्यांवर सुरुवात, आउटलेटचा व्हीएफए दोनशे-तीनशेच्या खाली आला की थोडं वाढवायचं, नाही आला तर थांबायचं. आणि हे सगळं दिवाळीच्या सीझनमध्ये सुरू करू नका, जानेवारी-फेब्रुवारीत गाळ आणा, उन्हाळ्याची ऊबही मिळते.

मटेरियलबद्दल एकच. आतला सेपरेटर एमएसचा (साध्या लोखंडी स्टीलचा) देत असतील तर कितीही पेंट मारला तरी नको, हायड्रोजन सल्फाइड त्याला खाऊन टाकतो, मी एक चार वर्षांत चाळणी झालेला उतरवलाय. एफआरपी (फायबरग्लास) किंवा पीपी (पॉलिप्रॉपिलीन प्लास्टिक) मागा, आणि काँक्रीटला पाण्याच्या पातळीच्या वर, जिथे गॅस लागतो तिथे, लायनिंग लागतंच. गॅसच्या लाइनवर वॉटर सील, फ्लेम अरेस्टर आणि प्रेशर-व्हॅक्युम व्हॉल्व्ह, यातलं काहीही पैसे वाचवायला काढायचं नाही. मे महिन्यात वॉटर सीलमधलं पाणी सुकतं, ते रोज बघायचं काम कुणाचं ते नावानिशी लिहून ठेवा. आणि कितीही छोटं काम असो, चालू रिॲक्टरमध्ये किंवा त्याच्या आउटलेट चेंबरमध्ये माणूस उतरवायचा नाही. सडक्या अंड्यासारखा वास येतोय म्हणजे गॅस आहे एवढंच कळतं, गॅस जास्त झाला की नाक बधिर होतं आणि वास यायचा बंद होतो, आणि लोक तेव्हाच आत उतरतात. आपल्या धंद्यात माणसं अशीच गेलीत, एकाला काढायला दुसरा उतरला आणि दोघेही गेले. बंद केलेल्या टाकीत उतरायचं असलं तरी गॅस मीटर, ब्लोअर, हार्नेस आणि वर उभा माणूस, नाहीतर काम उद्यावर.

आता करायचं काय. तिन्ही पार्ट्यांना ऑर्डरच्या आधी सात दिवसांचं सॅम्पलिंग करायला लावा, दर दोन तासांनी, पनीरची आणि तुपाची शिफ्ट त्यात आलीच पाहिजे, आणि त्यात सीओडी, पीएच, टीएसएस (पाण्यातले न विरघळलेले कण), ऑइल-ग्रीस आणि तापमान. मग त्यांना एकच विचारा, ऑइल-ग्रीस तीनशेवर गेलं त्या दिवशी तुमचा गाळ टाकीत कशाने थांबेल. कोण काय उत्तर देतो त्यावरून बरंच कळेल. आकडे आले की इथे टाका, मी साइज परत काढून देतो, व्हे वेगळा झाला तर कदाचित २०० ऐवजी १५० मध्येही भागेल. आणि ऑइल-ग्रीसचं सॅम्पल रुंद तोंडाच्या काचेच्या बाटलीत घ्या, त्यात लगेच ॲसिड टाका आणि लॅबला अख्खी बाटली द्या, त्यातलं ओतून दुसऱ्या बाटलीत नको. प्लास्टिकच्या बाटलीत घेतलं तर फॅट बाटलीलाच चिकटून बसतं आणि रिपोर्टमध्ये ते कमी दिसतं.